पाठमोऱ्या सरांचा पाठ

सरांना मुलं पाठीमागे ‘वाटोळे सर’ म्हणायची आणि ते सरांना ठाऊक होतं. अठ्ठावीस वर्षं गणित शिकवताना त्यांनी फळ्यासाठी कधी परकार हातात घेतला नव्हता. खडू धरायचा, खांद्यापासून हात एकदा गर्रकन फिरवायचा, की वर्तुळ तयार. नव्या वर्गात पहिल्या दिवशी हे केलं की मुलं एकसुरात ‘ओऽहो’ करत, आणि त्या एका ‘ओऽहो’वर सरांचं अख्खं वर्ष निभायचं. वाटोळं या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे आणि मुलांच्या मनात बहुधा तोच असावा, ही शंका त्यांना नोकरीच्या पंधराव्या वर्षी आली. तोवर नाव अंगवळणी पडलं होतं, आणि आपण मोठेपणाने ते चालवून घेतो असं त्यांनी स्वतःलाच पटवून दिलं होतं.

त्या वर्षी सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा दहावीच्या वर्गातला हिरवा फळा गायब होता. त्या जागी दोन कपाटं आडवी ठेवावीत एवढा काळाभोर डिजिटल फळा भिंतीला चिकटलेला. मागच्या भिंतीवर एक कॅमेरा, छताच्या चारी कोपऱ्यांत चार बारके माइक, आणि टेबलावर वाकलेल्या मानेचा एक छोटा कॅमेरा. त्याच्याखाली वही ठेवली की वहीचं पान फळ्यावर भिंतभर दिसायचं.

शाळेच्या मुख्याध्यापिकांना सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणत. त्यांनी शिक्षकांना बोलावून सांगितलं, “तास सुरू झाला की रेकॉर्डिंग आपोआप सुरू होईल. तास संपला की तो शाळेच्या साइटवर चढेल. जी मुलं आली नसतील, ज्यांना पुन्हा ऐकायचं असेल, ती घरी बघतील. कोणाला काही अडचण?”

अडचणी सगळ्यांनाच होत्या. इतिहासाच्या सरांनी घसा बसल्याचं सांगितलं, भाषेच्या बाई आपण कॅमेऱ्यात जाड दिसतो म्हणाल्या. अडचण नव्हती ती एकट्या आपल्या सरांना. ते मनातल्या मनात फार पुढे गेले होते. आपला तास रेकॉर्ड होणार, तो दुसऱ्या शाळेतली मुलं बघणार, मग तिसऱ्या. मग कोणीतरी कुठूनतरी फोन करून विचारणार, ‘ते वर्तुळ काढणारे सर तुम्हीच का?’ घरी जाताना त्यांनी या प्रश्नाचं विनम्र उत्तरही तयार केलं. केस काळे केले, बारीक चौकटीचा नवा शर्ट घेतला.

“अहो, शिकवायला चाललात की लग्नाला?” बायकोने विचारलं. ती एका दवाखान्यात रुग्णांचे कागद सांभाळायची आणि दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून घरी मोजकंच बोलायची. पण जे बोलायची ते जागेवर लागायचं.

“रेकॉर्डिंग आहे,” सर म्हणाले.

“मग आवाज काळा करा. केस कोण बघतंय?”

म्हणजे नेमकं काय करायचं ते सरांना कळलं नाही, पण टोमणा आहे एवढं कळलं.

पहिल्या रेकॉर्डिंगचा विषय होता वर्तुळाची स्पर्शिका. विज्ञानाच्या बाई वयाने लहान, यंत्रांशी त्यांचं गूळपीठ होतं. तासाआधी त्या दारात डोकावून म्हणाल्या, “सर, चौकटीचा शर्ट कॅमेऱ्यात नाचतो हं.” तोवर उशीर झाला होता. सरांनी फळ्याचं पेन उचललं, वर्गाकडे एक नजर टाकली, मागच्या कॅमेऱ्याकडे दुसरी टाकली आणि खांद्यापासून हात फिरवला.

फळ्याने क्षणभर विचार केला, सरांचं वर्तुळ पुसलं आणि त्या जागी स्वतःचं काढलं.

‘ओऽहो’ आलंच नाही. सर तसेच हात वर धरून उभे. मधल्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, “सर, मी काढू?” नाही म्हणायला काही कारण सुचेना. तो आला, त्याने बटाट्यासारखं काहीतरी गिरबटलं, आणि फळ्याने त्याचंही तितकंच निर्दोष वर्तुळ करून दिलं. आता मात्र वर्गाने मनापासून ‘ओऽहो’ केलं. अठ्ठावीस वर्षांची कमाई आणि एक बटाटा फळ्याने एकाच भावात घेतला होता.

सर तरी सावरले. बाहेरचा बिंदू घेतला, दोन स्पर्शिका काढल्या, ‘आता पाहा बरं, इथे काय होतंय’ असं नेहमीच्या ठसक्यात म्हणाले आणि प्रमेय सांगायला लागले. मध्येच त्यांची करंगळी कुठेतरी टेकली आणि फळ्यावर टंकायचा कीबोर्ड उघडला. सरांनी तो बंद केला. तो पुन्हा उघडला, या वेळी जास्त मोठा. मग रंगांची पेटी आली. मग सगळी आकृती उलटी झाली. वर्गाकडे पाठ करून सर फळ्याशी झुंजत राहिले, ‘एक मिनिट हं, एक मिनिट’ म्हणत. ते एक मिनिट पाच मिनिटांचं झालं. शेवटी कीबोर्ड कंटाळून स्वतःच गेला, सरांनी उरलेला भाग घाईने उरकला, ‘समजलं?’ विचारलं, ‘हो सर’ ऐकलं आणि घंटा झाली.

तास पडला होता हे त्यांनाही कळत होतं. पण आठवड्याने त्यांनी भीतभीत साइट उघडून पाहिली तर त्या तासाखाली आकडा होता: १६३. वर्गात मुलं अडतीस. सरांनी जागच्या जागी भागाकार केला. प्रत्येक मुलाने सव्वाचार वेळा! बाकीच्या शिक्षकांचे आकडे नऊ, अकरा, आणि इतिहासाच्या सरांचा दोन. त्यातला एक इतिहासाचे सर स्वतः.

त्या दिवशी सर शिक्षकखोलीत जरा वेगळ्या चालीने चालले. आपणहून विषय काढला नाही, पण चारदा त्या विषयाच्या इतकं जवळ गेले की शेवटी विज्ञानाच्या बाईंनी विचारलंच, “किती झाले सर?”

“असतील दीडशे-एकशे त्रेसष्ट,” सर खिडकीबाहेर बघत म्हणाले.

“अरे वा! कुठला भाग जास्त बघितलाय तेही दिसतं. दाखवू?”

बाईंनी लॅपटॉपवर एक आलेख उघडला. सुरुवातीपासून सपाट रेघ. मध्ये एकच उंच डोंगर. पुढे पुन्हा सपाट. मुलं बाकीचा तास सोडून थेट डोंगरावर उतरत होती आणि पुन्हा पुन्हा उतरत होती. सर खूश झाले. त्यांना वाटलं, वर्तुळ. पण वर्तुळ पाचव्या मिनिटाला होतं आणि डोंगर सतराव्या.

“सतराव्या मिनिटाला तुम्ही काय सांगत होतात?” बाईंनी विचारलं.

“स्पर्शिकाखंड एकरूप असतात, त्याचं विवेचन,” सर म्हणाले. त्यांना तसं खरंच वाटत होतं.

मधल्या सुट्टीत शिक्षकखोली रिकामी झाली तेव्हा त्यांनी कानात इअरफोनची बोंडं घातली आणि सतरावं मिनिट लावलं. समोर त्यांची पाठ होती. चौकटीचा शर्ट थरथर नाचत होता आणि त्यात ते स्वतः दोन्ही हातांनी फळा चाचपडत होते, अंधारात दिव्याचं बटण शोधावं तसे. ‘एक मिनिट हं, एक मिनिट.’ आणि त्या आवाजाच्या वर, छतातल्या माइकने अगदी जवळून पकडलेला, एका मुलीचा हळू आवाज.

“अगं, नाही कळलं तर कागद घे. हे वर्तुळ, हे बाहेरचं टिंब. टिंबापासून मध्यापर्यंत रेघ मार. आता त्या रेघेवर कागद दुमड. उजेडात धर. बघ, एक स्पर्शिका बरोबर दुसरीवर बसली. मग त्यांची लांबी वेगळी कशी असेल?”

मग दुसऱ्या मुलीचा आवाज: “एवढंच?”

“एवढंच.”

“मग सर एवढं का ताणतात?”

सरांनी ते चार वेळा ऐकलं. पहिल्या वेळी राग आला: तासाला बोलतात! दुसऱ्या वेळी त्यांनी आवाज ओळखला. भिंतीकडच्या रांगेतली चष्मेवाली, आजवर एकदाही हात वर न केलेली, आणि तिच्या शेजारची तिची मैत्रीण. तिसऱ्या वेळी त्यांच्या ध्यानात आलं की कागद दुमडून दाखवायचं आपल्याला अठ्ठावीस वर्षांत सुचलं नाही. चौथ्या वेळी त्यांनी भागाकार पुन्हा केला. एकशे त्रेसष्ट वेळा मुलांनी सरांची पाठ बघत त्या मुलीकडून गणित शिकून घेतलं होतं.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? लॅपटॉप बंद करून डबा खाल्ला असता. सरांनी ठरवलं की हा भाग कापायचा. कारणही लगेच सापडलं: तासाला बोलण्याची सवय चांगली नाही, आणि ती साइटवर कायमची राहणं तर त्याहून नाही. शिस्तीचा प्रश्न. मनातल्या एका कोपऱ्यातून कोणीतरी ‘खोटं’ म्हणालं, पण तो कोपरा सरांनी कधीच फारसा झाडला नव्हता.

रेकॉर्डिंग कापायची सोय साधी होती. खालच्या पट्टीवर दोन खुणा; सुरुवातीला एक, शेवटाला एक. सरांनी सतराव्या मिनिटापासून बाविसाव्यापर्यंतचा तुकडा खुणांमध्ये नीट पकडला. समोर दोन बटणं आली: ‘ठेवा’ आणि ‘काढा’. तेवढ्यात दारात पावलं वाजली. सर दचकले, बोट टेकलं, पडदा एकदा चमकला, आणि विज्ञानाच्या बाई आत आल्या तेव्हा सर डबा उघडून फार निष्पाप चेहऱ्याने बसले होते.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंचा निरोप आला. सर सावकाश निघाले. आत गेले तर बाईंच्या समोर लॅपटॉप उघडा, आणि त्यात तास नव्हता. होता फक्त तो पाच मिनिटांचा तुकडा. पुढचं मागचं सगळं गेलं होतं. सरांनी कापायचं ते ठेवलं होतं आणि ठेवायचं ते कापलं होतं.

“बसा,” मोठ्या बाई म्हणाल्या. “सर, मी हे तीनदा पाहिलं.”

सर बसले. खुर्ची थोडी मागेच राहिली, तरी बसले.

“इतकी वर्षं मी शिक्षकांना सांगतेय, जरा बाजूला व्हा, मुलांना मुलांशी बोलू द्या. कोणी ऐकलं नाही. आणि तुम्ही! चक्क पाठ करून उभे राहिलात. फळ्याशी खोटंखोटं खेळत राहिलात, म्हणजे त्या मुलींना वाटावं की आपल्याकडे लक्ष नाही. आणि वर बाकीचा सगळा तास, तुमचं स्वतःचं शिकवणं, काढून टाकून फक्त तेवढंच ठेवलंत. याला मन मोठं लागतं.”

सरांनी तोंड उघडलं. खरं सांगायची ती वेळ होती, आणि शब्दही जिभेवर होते. पण इतक्या वर्षांत त्या खोलीत कोणी त्यांचं कौतुक केलं नव्हतं. त्यांनी तोंड मिटलं आणि मान खाली घातली. मोठ्या बाईंना तो विनय वाटला.

“शुक्रवारी सगळ्या शिक्षकांसमोर असाच एक तास घ्या,” त्या म्हणाल्या. “त्याच मुलीला बोलवा. आपण तो नीट रेकॉर्ड करू.”

घरी सरांनी बायकोला सगळं सांगितलं. सुरुवातीला थोडं वळण देऊन, मग तिच्या नजरेपुढे वळण टिकेना म्हणून सरळ. ती ऐकता ऐकता हातातलं काम ठेवून हसत सुटली. डोळे पुसून म्हणाली, “म्हणजे तुमचं तोंड चाललं नाही, पाठ चालली.”

“हसायला काय जातंय तुझं? शुक्रवारी काय करू?”

“खरं सांगा.”

“सगळ्यांसमोर?”

“कौतुक एकट्यात घेतलंत ना, मग आताच जाऊन एकट्यात परत करा. शुक्रवारपर्यंत थांबलात तर सगळ्यांसमोरच करावं लागेल.”

सर म्हणाले, बघतो. मंगळवारी बघितलं, बुधवारी बघितलं, गुरुवारी मोठ्या बाईंच्या दारापर्यंत जाऊन आत कोणीतरी बसलंय असं बघितलं. आणि शुक्रवार उजाडला.

मागच्या बाकांवर सगळे शिक्षक दाटीवाटीने बसले. इतिहासाच्या सरांनी वहीसुद्धा आणली होती. मोठ्या बाई मधोमध. मुलं कधी नव्हे इतकी ताठ. सरांनी घसा साफ केला आणि चष्मेवालीला नावाने बोलावलं. “ये, पुढे ये. त्या दिवशी मैत्रिणीला सांगितलंस तसं सांग सगळ्यांना.”

ती उठली तीच पांढरीफटक होऊन. पुढे आली, पेन घेतलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं, मागच्या बाकांकडे पाहिलं, मग फळ्याकडे तोंड केलं. तिने वर्तुळ काढलं. आणि बोलायला लागली.

“आता पाहा बरं, इथे काय होतंय,” ती जाड आवाजात म्हणाली. “वर्तुळाच्या बाहेरील बिंदूपासून त्या वर्तुळाला काढलेले स्पर्शिकाखंड एकरूप असतात. लक्षात आलं? येणार नाही. पुन्हा सांगतो.”

सांगतो! कोणीतरी फिस्सकन हसलं. तिला कळलंसुद्धा नाही. तिने हात मागे बांधले होते, हनुवटी वर केली होती, ‘लक्षात आलं?’ विचारून उत्तराची वाट न पाहता पुढे जात होती. ती थट्टा करत नव्हती. शिकवायला उभं राहिलं की असंच बोलायचं असतं, एवढंच तिला ठाऊक होतं. कारण तिने पाहिलं होतं ते हेच. मागच्या बाकांवर भाषेच्या बाईंनी पदर तोंडाशी धरला. सर आपलाच तास समोर उभा राहिलेला बघत होते, आणि त्यांना पहिल्यांदाच कळलं की तो किती लांबतो.

“थांब, थांब,” ते म्हणाले. “तू चुकली नाहीस. चुकलो मी.”

मुलगी पेन धरून उभी. सर मागच्या बाकांकडे वळले. “मोठ्या बाई, त्या दिवशी मी बाजूला वगैरे झालो नव्हतो. फळ्यावर कीबोर्ड उघडला आणि तो मला बंद करता येईना. या मुली बोलतायत हेसुद्धा मला माहीत नव्हतं. नंतर कळलं तेव्हा मी तेवढंच कापून टाकायला गेलो. माझ्यापेक्षा बरं सांगितलं होतं तिने, म्हणून. बटण चुकलं. तुम्ही कौतुक केलंत आणि मी ते गिळून बसलो.”

वर्गात टाचणी पडली असती तर चारी माइकनी पकडली असती. मग इतिहासाच्या सरांनी विचारलं, “म्हणजे हे वहीत लिहू की नको?” आणि सगळा वर्ग फुटला. मुलं हसली, शिक्षक हसले. मोठ्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “अजून पंचवीस मिनिटं आहेत, सर. तास तुमचा आहे.”

सरांचे कान तापले होते. काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी समोर दिसलं ते केलं. टेबलावरचा वाकलेल्या मानेचा कॅमेरा त्याच्या तारेसकट उचलला आणि भिंतीकडच्या रांगेत, चष्मेवालीच्या बाकावर नेऊन ठेवला. मैत्रिणीला थोडं सरकायला सांगितलं आणि स्वतः त्या बाकाच्या टोकावर बसले. बाक लहान, गुडघे पार हनुवटीला.

“ये, बस,” ते चष्मेवालीला म्हणाले. “फळ्याकडे बघू नकोस. हिला कळलं नाही असं समज. मलाही कळलं नाही असं समज. कागद घे.”

ती बसली. मग मैत्रिणीनेच कागद पुढे केला, “हं, टिंब कुठे घ्यायचं?” आणि चष्मेवालीचा आवाज हळूहळू स्वतःचा झाला. कागदावर वाकलेली ती विसरून गेली की तिची दहा बोटं समोर भिंतीएवढ्या फळ्यावर दिसतायत. तिने रेघ मारली, कागद दुमडला, नखाने घडी पक्की केली, उजेडात धरला. “बघ. एकावर एक.”

मागच्या बाकांवरून कोणीतरी “अरेच्चा” म्हणालं. तो आवाज भाषेच्या बाईंचा होता.

सरांनाही छान वाटलं, पण गणिताचा किडा काही स्वस्थ बसेना. “बसली खरी,” ते म्हणाले. “पण बसली हे दिसलं. ती बसणारच, हे कशावरून?”

“दिसतंय ना सर!”

“माझा हातही अठ्ठावीस वर्षं सगळ्यांना गोलच दिसत होता.”

चष्मेवाली अडकली. कागद उलगडून बघत बसली. सरांच्या तोंडात उत्तर अगदी पुढे येऊन उभं होतं. त्यांनी दात आवळून धरलं. वर्गातली शांतता त्यांना सहन होईना, त्यांनी पायाची बोटं मोजली. आणि शेजारून मैत्रीण, जिला काही कळत नाही असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, सावकाश म्हणाली, “त्रिज्या आणि स्पर्शिकेत काटकोन असतो ना? म्हणजे हे दोन काटकोन त्रिकोण. घडीची रेघ दोघांचा कर्ण, तो एकच. आणि त्रिज्या दोन्हीकडे सारखी. मग तिसरी बाजू सारखीच येणार. यायलाच हवी.”

“यायलाच हवी!” सर उठले ते बाकाला गुडघा आपटूनच. पण त्यांना तेव्हा लागलं नाही. लागलं ते घरी गेल्यावर.

तास संपल्यावर मोठ्या बाईंनी त्यांना दारात थांबवलं. “त्या दिवशीच सांगायला हवं होतंत,” त्या कडक आवाजात म्हणाल्या. “त्या पोरीला उगीच सगळ्यांसमोर उभं केलंत.” सर हो म्हणाले. त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी चष्मेवालीचीही माफी मागितली. ती इतकी गोंधळली की म्हणाली, “काही हरकत नाही, पुन्हा करू नका,” आणि मग स्वतःच जीभ चावून पळाली.

शुक्रवारचा तास सगळाच्या सगळा साइटवर राहिला, सरांच्या कबुलीसकट. पाहणाऱ्यांचा आकडा तीनशेवर गेला; त्यातले बरेचसे कबुली ऐकायला येत असावेत असा सरांचा अंदाज आहे. बायकोने तर दवाखान्यातल्या सगळ्यांना दाखवला. सर आता दर आठवड्याला आपला एक तास स्वतः पाहतात, एकटेच, दार लावून. ‘समजलं?’ विचारल्यावर आपण किती वेळ थांबतो ते मोजतात. सुरुवातीला ते एक सेकंद होतं. आता तीन आहे. तीनच्या पुढे त्यांचा जीव कासावीस होतो.

नंतरच्या सोमवारी त्यांनी नवं प्रकरण काढलं. पंधराएक मिनिटांनी विचारलं, “समजलं?” आणि थांबले. एक, दोन. भिंतीकडच्या रांगेतून मैत्रिणीचा हात वर आला.

“नाही समजलं, सर.”

सर खट्टू झाले आणि त्याच वेळी, का कोण जाणे, त्यांना बरंही वाटलं. त्यांनी पुन्हा समजावलं, वेगळ्या शब्दांत, आपल्या मते फारच सोपं करून.

“आता?”

तिने थोडा विचार केला. “अजून नाही.”

“बरं,” सर म्हणाले, “नेमकं कुठपर्यंत समजलं, ते सांग,” आणि पेन टेबलावर ठेवून तिच्या बाकाकडे चालू लागले.